प्रांताला वगळून थेट जिल्ह्याला : इंडोनेशियाने सत्ता वाटली त्याचे प्रकरण

१९९९ च्या ऑगस्ट महिन्यात इंडोनेशियाच्या नकाशावर दोन ठिकाणी रेघ मारली गेली. पूर्व तिमोरमध्ये ३० तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत झाले आणि ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियापासून वेगळे होण्याचा कौल दिला. ही रेघ जगभर दिसली. दुसरी रेघ तिथून उत्तरेला, हालमाहेरा बेटावर होती. जाकार्ताहून निघालेल्या एका शासकीय नियमाने तिथे मालिफुत नावाचा नवा तालुका जन्माला आला. मूठभर गावांचा तालुका, त्याची दखल कोण घेणार?

मालिफुतमध्ये राहणारे बहुतेक लोक मूळचे माकियान या शेजारच्या बेटावरचे, मुसलमान. त्यांच्या बेटावरचा ज्वालामुखी फुटणार या भीतीने सरकारने १९७५ मध्ये त्यांना उचलून हालमाहेरावर, काओ लोकांच्या जमिनीवर वसवले. (ज्वालामुखी फुटला, पण १९८८ मध्ये.) माकियान शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत पुढे. काओ बहुतांश ख्रिस्ती, पण त्यांच्यातही मुसलमान कुटुंबे होती. नव्या तालुक्यात काओंची काही गावे घातली गेली आणि काओ बिथरले. आमच्या जमिनीवर येऊन राहिलेल्यांच्या कचेरीत आम्ही दाखल्यासाठी का जायचे, असा त्यांचा सवाल होता, आणि तो काओ ख्रिस्ती आणि काओ मुसलमान दोघेही मिळून विचारत होते. त्याच परिसरात गोसोवोंगची सोन्याची खाण नुकतीच सुरू होत होती. खाण कोणत्या तालुक्यात मोडणार, हा काही किरकोळ प्रश्न नव्हता.

ऑगस्टमध्ये मारामारी झाली. ऑक्टोबरमध्ये माकियानांना मालिफुतमधून हुसकावले गेले आणि हजारोंच्या संख्येने ते तेर्नाते आणि तिदोरे बेटांवर पळाले. नोव्हेंबरमध्ये त्या बेटांवर ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले, मग उलट बाजूने सूड. तालुक्याच्या हद्दीवरून पेटलेले भांडण वर्ष संपायच्या आत चंद्रकोर विरुद्ध क्रूस असे झाले होते. दरम्यान, ऑक्टोबरमध्येच उत्तर मालुकू हा वेगळा प्रांत जाहीर झाला. म्हणजे गव्हर्नरपासून कारकुनापर्यंतच्या सगळ्या खुर्च्या नव्याने वाटायच्या होत्या, आणि कोणत्या गटाच्या वाट्याला किती हे ठरायचे होते.

इंडोनेशियाच्या विकेंद्रीकरणाचे, म्हणजे १९९९ च्या कायद्यांनी जाकार्ताची सत्ता जिल्ह्यांकडे सोपवल्याचे, प्रकरण बहुधा पूर्व तिमोरपासून मांडले जाते. त्यात चूक नाही, कारण निर्णय घेणाऱ्यांना देश तुटण्याचीच धास्ती होती. मालिफुतचा नियम जुन्या, जाकार्ताकेंद्री पद्धतीनेच निघाला होता. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अशा शेकडो रेघा देशभर मारल्या गेल्या आणि त्या मारण्याची सोय, त्यामागचा पैसा आणि हौस हे सगळे नव्या कायद्यांनी पुरवले. देश तुटला नाही. मात्र कोण आपला आणि कोण परका हा वाद राजधानीतून उतरून जिल्ह्याच्या कचेरीत आला, आणि तिथे तो मिटवायला राजधानीइतकीही माणसे नव्हती.

हा निर्णय घेतला कोणी?

राष्ट्राध्यक्ष सुहार्तो २१ मे १९९८ ला पायउतार झाले तेव्हा अर्थव्यवस्था मोडून पडली होती. त्या एका वर्षात राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १३ टक्क्यांनी घटले. तीन दशके सगळा कारभार जाकार्ताहून चालला होता. कालिमंतानचे लाकूड, रियाऊचे तेल, आचेचा वायू, पापुआचे तांबे आणि सोने जाकार्ताला जायचे, आणि परत यायचा तो नेमलेला गव्हर्नर, बऱ्याचदा लष्करातला. १९७९ च्या ग्रामशासन कायद्याने तर गावाची रचनाही देशभर एकसारखी केली. पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांची ‘नगरी’ ही शेकडो वर्षांची ग्रामव्यवस्था कागदावरून पुसून तिथे जावाच्या धाटणीचे ‘देसा’ बसवले गेले. ‘भिन्नेका तुंगल इका’, म्हणजे अनेक असूनही एक, हे ब्रीद असलेल्या देशात अनेकांची मोजदादही टाळली जात होती. १९३० मध्ये डचांनी जनगणनेत वंश विचारला होता, त्यानंतर हा प्रश्न पुन्हा विचारला गेला तो २००० मध्ये.

सुहार्तोंच्या जागी आलेले हबीबी सुलावेसी बेटावरच्या पारेपारे गावचे. त्यांच्यामागे लष्कर पुरते उभे नव्हते, रस्त्यावरचे विद्यार्थी त्यांना सुहार्तोंचीच सावली मानत होते. जावाबाहेरच्या बेटांवर मात्र त्यांच्या गोल्कार पक्षाची ताकद शिल्लक होती. जानेवारी १९९९ मध्ये त्यांनी पूर्व तिमोरला निवड करण्याची मुभा देऊ केली आणि लगेच आचे, पापुआ, रियाऊ इथून आमचे काय, असे आवाज उठले. अमीन राईससारखे विरोधी नेते संघराज्याची भाषा बोलू लागले.

संघराज्य हा शब्द इंडोनेशियात बदनाम आहे, त्याला इतिहास कारणीभूत आहे. १९४९ च्या अखेरीस डचांनी सत्ता सोडली ती एका संघराज्याकडे, आणि त्यातली बरीच घटक राज्ये डचांनीच उभी केलेली होती. १७ ऑगस्ट १९५० ला ते मोडून एकसंध प्रजासत्ताक झाले. १९५८ मध्ये सुमात्रा आणि सुलावेसीत प्रादेशिक बंडे झाली, ती लष्कराने मोडली. तेव्हापासून प्रांताला ताकद देणे म्हणजे बंडाला सरदार पुरवणे, हे समीकरण जाकार्ताच्या डोक्यात पक्के बसले.

म्हणून रयास रशीद यांच्या नेतृत्वाखालच्या छोट्या गटाने जो मसुदा केला त्यात प्रांताला जवळपास वगळले. सत्ता द्यायची ती काबुपातेन आणि कोटा, म्हणजे जिल्हा आणि शहर यांना. हिशेब सरळ होता. प्रांताकडे लोकसंख्या, संपत्ती आणि ओळख तिन्ही असतात, तो उद्या झेंडा फडकवू शकतो. दोन-पाच लाखांचा जिल्हा स्वतंत्र देश मागायला धजणार नाही. मे १९९९ मध्ये, निवडणुका महिन्यावर आल्या असताना, सुहार्तोंच्या काळात निवडून आलेल्या संसदेने दोन कायदे केले: प्रादेशिक शासनाचा २२ क्रमांकाचा आणि पैशाच्या वाटपाचा २५ क्रमांकाचा. प्रांत आणि जिल्हा यांच्यात वरिष्ठ-कनिष्ठ असे नाते राहणार नाही, असे पहिल्या कायद्यात स्पष्ट लिहिले होते.

परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, न्याय, चलन आणि वित्त, धर्म ही खाती केंद्राने ठेवली, शिवाय नियोजनासारखे काही विषय. शाळा, दवाखाने, रस्ते, शेती, जमीन, पर्यावरण, उद्योग हे जिल्ह्याकडे. आपल्याकडे जिल्हाधिकारी नेमलेला असतो आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष निवडलेला. तिकडचा बुपाती, म्हणजे जिल्ह्याचा प्रमुख: दोघांचे अधिकार, वर मंत्रालयातल्या काही टेबलांचेही, एकाच माणसाच्या हाती. १ जानेवारी २००१ ला अंमल सुरू झाला तेव्हा वीस लाखांहून अधिक सरकारी कर्मचारी एका फटक्यात केंद्राच्या पटावरून स्थानिक पटावर गेले. जागतिक बँकेच्या लोकांनी याला ‘बिग बँग’ म्हटले. त्या मानाने गोंधळ कमी झाला. शाळा उघडल्या, पगार झाले. एवढ्या मोठ्या उलथापालथीत हे घडले याचे श्रेय क्वचितच कोणी देते.

एक गोष्ट मात्र जाकार्ताने हातची जाऊ दिली नाही: पक्ष. राजकीय पक्षाला मान्यता हवी तर निम्म्या प्रांतांत शाखा हव्यात, अशी अट घातली गेली. दायकांचा, बाताकांचा, बुगींचा पक्ष निघूच शकत नाही. जिल्हा स्थानिक, पण उमेदवारीचे कागद जाकार्तातून सही होऊन येणार. वांशिक पक्ष झाले नाहीत हे या अटीचे यश. तिकीट विकण्याचा धंदा फोफावला हेही तिचेच.

पैसा कुठून येतो, तिथे मेख आहे

नव्या कायद्यांतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा २५ टक्के हा होता. केंद्राच्या निव्वळ देशांतर्गत महसुलाचा किमान एवढा हिस्सा सर्वसाधारण अनुदान म्हणून खाली जाणार आणि त्यातला ९० टक्के जिल्ह्यांना, १० टक्के प्रांतांना. शिवाय तेलाच्या महसुलातले १५ टक्के, वायूतले ३० टक्के, खाणी आणि जंगलातले ८० टक्के ज्या प्रदेशातून आले तिथे परत. रियाऊ आणि पूर्व कालिमंतान शांत झाले ते यामुळे. रियाऊत २००० मध्ये लोक-मेळावा भरवून स्वातंत्र्याचा ठराव झाला होता. तेलाचा वाटा सुरू झाल्यावर तो ठराव कोणी पुढे रेटला नाही.

पण कर बसवण्याचे खरे अधिकार वरच राहिले. बहुतेक काबुपातेनांचे स्वतःचे उत्पन्न त्यांच्या अंदाजपत्रकाच्या दहाव्या भागाइतकेही नव्हते. खर्च करणारा इथला, कर घेणारा तिथला. मतदाराच्या खिशातून काही जात नसल्यामुळे बुपातीला हिशेब विचारण्याची सवय लागली नाही. दुसरे असे, की अनुदान ठरवताना कर्मचाऱ्यांच्या पगाराचा बोजा धरला जाई, आणि प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा म्हणून काही ठरावीक रक्कम मिळेच. एकाचे दोन जिल्हे केले तर दोन बुपाती, दोन परिषदा, दोन शिक्षणखाती, दोन अनुदाने. स्थानिक पुढाऱ्यांना हे गणित समजायला वेळ लागला नाही.

इथून जे सुरू झाले त्याला तिकडे ‘पेमेकारान’ म्हणतात, उमलणे. सत्तांतराच्या वेळी देशात तीनशेच्या आत जिल्हे आणि शहरे होती. २०१४ पर्यंत ती ५१४ झाली, जाकार्तातले सहा प्रशासकीय विभाग धरून. २००० च्या नियमानुसार तीन तालुके जमले की जिल्हा मागता येत होता. जावावर फारसे विभाजन झाले नाही. सुमात्रा, कालिमंतान, सुलावेसी, मालुकू आणि पापुआ इथे मात्र झाले, म्हणजे जिथे वंश आणि धर्म दरीदरीला बदलतात तिथे.

मामासा

या प्रकाराचे सगळ्यात बोलके उदाहरण मला मामासाचे वाटते. दक्षिण सुलावेसीत पोलेवाली-मामासा नावाचा एक जिल्हा होता. किनाऱ्यावर मांदार लोक, मुसलमान. डोंगरात मामासाचे तोराजा लोक, ख्रिस्ती. जिल्ह्याची कचेरी किनाऱ्यावर, नोकऱ्या किनाऱ्याला, रस्ता डोंगराला नाही. डोंगरवासीयांची वेगळ्या जिल्ह्याची मागणी रास्तच होती. २००२ मध्ये ती मान्य झाली.

पण डोंगर एकरंगी नव्हता. आराल्ले, ताबुलाहान आणि मांबी या तीन तालुक्यांत मुसलमानांची मोठी वस्ती होती. डोंगर-किनाऱ्याच्या जुन्या व्यवस्थेत ही गावे उगमाकडच्या सात सत्तांच्या संघात मोडत, म्हणजे परंपरेने ती मामासाच्याच बाजूची. आता प्रश्न आला की ती नव्या जिल्ह्यात जाणार की जुन्यात राहणार. कायद्याने त्यांना मामासात घातले. काल ज्या जिल्ह्यात ते बहुसंख्य धर्माचे होते तिथून एका सहीने ते ख्रिस्ती-बहुल जिल्ह्यातले अल्पसंख्य झाले. त्यांच्यातल्या अनेकांनी जुन्या जिल्ह्याशीच व्यवहार चालू ठेवला. एकाच गावात काही घरे एका जिल्ह्याची, काही दुसऱ्याची. कोणत्या बुपातीला मानता यावरून नातेवाईक आणि शेजारी दुभंगले. सप्टेंबर २००३ मध्ये तिथे खून पडले, घरे जळाली, हजारो लोकांनी गावे सोडली. पुढची दीड-दोन वर्षे हे अधूनमधून पेटत राहिले.

मामासाच्या लोकांवर पूर्वी अन्याय झाला होता, हे खरेच. नव्या जिल्ह्याने तो दूर केला आणि त्याच फटक्यात दुसरा घडवला. बहुवांशिक प्रदेशात सीमा कुठेही ओढा, पलीकडे कोणीतरी उरतोच. २२ क्रमांकाच्या कायद्यात प्रांताच्या तावडीतून जिल्ह्याला सोडवण्याची काळजी होती. जिल्ह्याच्या तावडीतून तालुक्याला सोडवणारे कलम कुठे आहे, ते मी शोधले आणि मला सापडले नाही. प्रांत दुबळा केल्याची किंमत इथे मोजावी लागली. दोन जिल्ह्यांच्या भांडणात मध्यस्थी करायला अधिकार असलेला गव्हर्नर नव्हता, आणि जाकार्ता लांब होते.

सगळीकडे असे झाले नाही, हेही सांगायला हवे. उत्तर सुलावेसीच्या ख्रिस्ती मिनाहासांपासून मुसलमान गोरोंतालो २००० च्या अखेरीस वेगळा प्रांत झाला तो रक्त न सांडता. पुढे फादेल मुहम्मद यांनी गव्हर्नर म्हणून मक्याच्या शेतीवर भर देऊन त्याचे नाव देशभर केले. तिथे दोन गटांच्या वस्त्या मुळातच वेगळ्या होत्या, सरमिसळ कमी होती. मामासाच्या तीन तालुक्यांसारखी मधली गावे जिथे असतात तिथे खरी कसोटी लागते.

आणि फेब्रुवारी २००१ मध्ये मध्य कालिमंतानच्या सांपितमध्ये जे घडले, दायकांनी मदुरा बेटावरून आलेल्यांची केलेली कत्तल, त्याचा दोष विकेंद्रीकरणावर ढकलणे उथळपणाचे होईल. सुमारे ५०० माणसे मेली, लाखाच्या आसपास मदुरी लोकांना पळावे लागले. शेजारच्या पश्चिम कालिमंतानमध्ये १९९६-९७ ला आणि पुन्हा १९९९ ला असाच रक्तपात झाला होता, आणि त्यामागे सुहार्तोंच्या काळात लाकूड कंपन्यांनी दायकांचे जंगल खाल्ल्याचा राग होता. पण नवी व्यवस्था लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, जिल्ह्यात खुर्च्यांची फेरवाटणी चालू होती, आणि ‘पुत्र दाएराह’, भूमिपुत्र, हा शब्द प्रत्येक सभेत होता. पुढच्या वर्षी मध्य कालिमंतानचे ६ जिल्हे-शहरांचे १४ झाले.

बुपाती : देवमाणूस की संस्थानिक?

२००५ पर्यंत बुपाती जिल्हा परिषद निवडत असे. तीस-चाळीस सदस्य विकत घेणे कोणत्याही लाकूड व्यापाऱ्याला परवडत होते, आणि ते घेतले जात. २००४ च्या कायद्याने थेट निवडणूक आणली. देशातली पहिली थेट निवडणूक १ जून २००५ ला पूर्व कालिमंतानच्या कुताई कार्तानेगारा जिल्ह्यात झाली, कोळसा आणि वायूने गब्बर झालेल्या जिल्ह्यात. निवडून आले शौकानी हसन रईस. ते आधीही बुपाती होतेच. काही वर्षांत ते भ्रष्टाचाराच्या खटल्यात तुरुंगात गेले; सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली. २०१० मध्ये त्यांची मुलगी रीता विद्यासारी तिथलीच बुपाती झाली आणि २०१८ मध्ये लाचखोरीसाठी तिला दहा वर्षांची शिक्षा झाली. घराणेशाही आणि टक्केवारी हे मराठी वाचकाला नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

ज्यांचे कौतुक झाले त्यांचे पुढे काय झाले, हे मला जास्त अस्वस्थ करते. बाली बेटावरच्या जेंब्रानाचे बुपाती गेडे विनासा यांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला जिल्ह्यात मोफत शाळा आणि आरोग्य विमा आणला, इतर जिल्ह्यांचे लोक ते पाहायला येत. नंतर खतनिर्मिती प्रकल्पाच्या प्रकरणात ते दोषी ठरले. दक्षिण सुलावेसीतल्या बांताएंगचे नुर्दिन अब्दुल्ला आदर्श बुपाती म्हणून गाजले, त्या बळावर प्रांताचे गव्हर्नर झाले, आणि २०२१ मध्ये भ्रष्टाचार निर्मूलन आयोगाने, तिकडच्या केपीकेने, त्यांना पकडले. माणूस बदलला असे म्हणण्यापेक्षा निवडणूक किती महाग झाली होती ते पाहावे. सोलो शहराचा महापौर झालेला लाकडी सामानाचा व्यापारी जोको विडोडो याच शिडीने २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. सुहार्तोंच्या काळात अशा माणसाला जाकार्ताच्या दारातही कोणी उभे केले नसते.

वंशाच्या प्रश्नावर थेट निवडणुकीने एक अनपेक्षित चांगले काम केले. नियमाप्रमाणे प्रमुख आणि उपप्रमुख जोडीने उभे राहतात. मिश्र जिल्ह्यात एकट्या गटाच्या मतांवर जिंकता येत नाही, म्हणून दोन गटांचे दोघे एका पोस्टरवर येतात. पश्चिम कालिमंतानमध्ये, जिथे दहा वर्षांपूर्वी माणसे कापली गेली होती, २००७ मध्ये गव्हर्नरपदी दायक कोर्नेलिस निवडून आले ते चिनी वंशाचे क्रिस्तियान्दी संजया यांना जोडीला घेऊन. हे प्रेमाने झाले नाही, मतांच्या बेरजेने झाले. तरी झाले. मदुरी मात्र कोणाच्या पोस्टरवर क्वचितच दिसतात.

जंगलाचा हिशेब वेगळाच लागला. १९९९ नंतर काही वर्षे बुपातींना शंभर-शंभर हेक्टरचे तोडीचे परवाने देता येत होते. त्यांनी ते मुक्तहस्ताने दिले, २००२ मध्ये केंद्राने तो अधिकार काढून घेतला. उपग्रहाच्या छायाचित्रांवर आधारलेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात असे निघाले की प्रांतात एक नवा जिल्हा वाढला की तिथली जंगलतोड सुमारे ८ टक्क्यांनी वाढते. शेजारी जिल्हे लाकूड विकण्यात एकमेकांशी चढाओढ करतात, भाव पडतो आणि तोड वाढते.

अपवाद : जिथे भीती खरी होती

आचे आणि पापुआ या दोन ठिकाणी बंडखोरी खरोखरची होती, आणि नेमक्या तिथेच जाकार्ताने स्वतःचे सूत्र सोडले. २००१ मध्ये दोघांनाही प्रांत म्हणून विशेष स्वायत्तता दिली. आचेत ती चालली नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर १५ ऑगस्ट २००५ ला हेलसिंकीत करार झाला, ७० टक्के तेल-वायू महसूल आणि, देशात फक्त तिथेच, स्थानिक पक्षांना परवानगी मिळाली. २००६ च्या निवडणुकीत बंडखोर संघटनेतून आलेले इर्वांदी युसुफ गव्हर्नर झाले. जे द्यायला १९९९ मध्ये सगळे घाबरत होते ते दिल्यावर बंदुका खाली ठेवल्या गेल्या, ही गोष्ट रयास रशीद यांच्या मसुद्यावरची सगळ्यात कडक टीका म्हणायला हवी.

पापुआत उलटे घडले. स्वायत्तता द्यायची आणि तिचा मालक फोडायचा. २००३ मध्ये प्रांताचा पश्चिम भाग वेगळा केला, २०२२ मध्ये आणखी चार प्रांत झाले. एकेकाळी दहाच्या आसपास असलेले जिल्हे आता ४२ आहेत. प्रत्येक खोऱ्याला आपला बुपाती मिळाला आणि त्याचबरोबर शेजारच्या खोऱ्याशी निवडणुकीचे वैर. २००२ मध्ये वेगळा जिल्हा झालेल्या आस्मातमध्ये २०१७-१८ मध्ये गोवर आणि कुपोषणाने सत्तरच्या आसपास मुले दगावली. विशेष निधी येत होता, कचेऱ्या उभ्या होत्या, लसीची बाटली दलदलीतल्या गावापर्यंत पोहोचली नव्हती.

जाकार्ताचे परतणे

धर्म हा केंद्राचा विषय असूनही ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’च्या नावाखाली अनेक जिल्ह्यांनी शरियाच्या छापाचे नियम केले. दक्षिण सुलावेसीतला बुलुकुंबा त्यात आघाडीवर होता. पापुआच्या ख्रिस्ती मानोकवारीत ‘बायबलचे शहर’ करण्याचा मसुदा २००७ मध्ये फिरला. स्थानिक बहुसंख्याकांना हत्यार मिळाले की ते वापरतात, धर्म कोणताही असो. २०१६ मध्ये सरकारने स्थानिक पातळीवरचे ३,१४३ नियम रद्द केल्याचे जाहीर केले, मुख्यतः गुंतवणुकीला अडथळा ठरणारे. पुढच्याच वर्षी घटना न्यायालयाने म्हटले की असे रद्द करण्याचा अधिकार मंत्र्याला नाही.

तोवर वारे फिरले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये तापानुली प्रांत हवा म्हणून उत्तर सुमात्राच्या प्रांतिक सभागृहात घुसलेल्या जमावाच्या गोंधळात सभापती अब्दुल अझीझ अंगकत मरण पावले आणि नव्या विभाजनांवर स्थगिती आली. ती शिथिल झाली, पुन्हा आली. सप्टेंबर २०१४ मध्ये संसदेने बुपातीची थेट निवडणूकच रद्द केली, पण लोक इतके संतापले की काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष युधोयोनो यांना वटहुकूम काढून ती परत आणावी लागली. त्याच वर्षीच्या २३ क्रमांकाच्या कायद्याने वने, सागरी विषय, खाणी आणि उच्च माध्यमिक शाळा जिल्ह्यांकडून काढून प्रांताकडे दिल्या. २०२० च्या खाण कायद्याने खाणी प्रांताकडूनही काढून थेट जाकार्ताला नेल्या. म्हणजे ज्या प्रांताला १९९९ मध्ये धोका मानून वगळले त्यालाच पंधरा वर्षांनी मुकादम म्हणून परत बोलावले, आणि कमाईचा मुद्दा आल्यावर त्यालाही बाजूला केले.

निवडणुकीचा हक्क लोकांनी सोडला नाही, अधिकार आणि पैसा मात्र वर सरकत गेला. परिणामी बुपाती निवडून येतो भरमसाट आश्वासनांवर आणि हाती राहते अनुदानाची ताटली. २००९ च्या कायद्याने जमीन आणि घरावरचा कर जिल्ह्यांकडे आला होता, हे कर लावण्याचे जवळपास एकमेव दमदार हत्यार. २०२५ मध्ये मध्य जावाच्या पाती जिल्ह्याने तो २५० टक्क्यांपर्यंत वाढवला. ऑगस्टमध्ये हजारो लोक बुपातीच्या कचेरीसमोर आले, वाढ मागे घ्यावी लागली. त्याच सुमारास जाकार्ताचे सरकार पुढच्या वर्षीच्या अनुदानात कपात करण्याचे बेत आखत होते.

पाती हा जावाचा, बऱ्यापैकी एकजिनसी जिल्हा. तिथले भांडण करदाता आणि राज्यकर्ता यांच्यात राहिले, ‘त्यांच्या’ बुपातीने ‘आपल्या’ घरावर कर लावला असे कोणाला वाटले नाही. हाच प्रसंग मामासात किंवा हालमाहेरावर आला तर तो तसा राहील असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आणि नव्या प्रांत-जिल्ह्यांच्या मागणीचे तीनशेहून अधिक प्रस्ताव जाकार्ताच्या गृहमंत्रालयात स्थगिती उठण्याची वाट पाहत पडून आहेत.